नकाशाबाहेरचा दगड

पस्तीस वर्षं मी सरकारी पगारावर दगडांची चित्रं काढली. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन होतो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी वडिलांना विचारलं, "मुलगा नेमकं करतो काय?" वडिलांनी खरं ते सांगितलं. सासरे बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग म्हणाले, "नोकरी कायम आहे ना? मग हरकत नाही." नातेवाइकांत आजही माझी ओळख 'दगडांची चित्रं काढणारे काका' अशीच आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एका दगडाचं, जो मी काढला नाही. त्याबद्दल आजवर घरीसुद्धा धड बोललो नव्हतो.

आधी हा धंदा काय असतो ते सांगतो. खणलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. दगड एकदा हलला की तो कुठं होता हे फक्त कागद सांगू शकतो. म्हणून काहीही हलवण्याआधी नकाशा काढायचा. जमिनीवर दोऱ्या ताणून चौकटी पाडायच्या, एकानं टेपचं टोक धरायचं, ओळंबा सोडायचा आणि एकेक दगड मोजून, त्याच्या कंगोऱ्यांसकट कागदावर उतरवायचा. मूळचा दगड पूर्ण रेघेत काढायचा. नंतर कोणी आणून टाकलेला असेल तर तो तुटक रेघेत. एवढं एक कलम पाळलं की शंभर वर्षांनी कागद बघणाऱ्यालाही कळतं की कोण कधी आलं.

हे मी शिकलो ते एका वृद्ध उस्तादांकडून. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी शाळकरी पोर होतो. निजामाच्या खात्यातले जे जुने नक्शानवीस त्यानंतरही औरंगाबादेतच राहिले, त्यांच्यापैकी हे एक. नोकरीला लागलो तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. माझ्या रेघेवर कधी खूश झाले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायचे, "मियाँ, जो दिखा वो खींचो. जो समझे वो नक्को खींचो." दिसतं तेवढंच काढ, कळलंय असं वाटतं ते काढू नकोस. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, यात शिकण्यासारखं आहे काय?

सांगतोय ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरची. खुलताबादच्या पुढं डोंगरातल्या एका खोलगट जागी तलावाचा बांध घालणं चालू होतं, आणि जी जमीन बुडणार होती तिच्यात दगडांचं एक मोठं वर्तुळ होतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर उद्याच कोणीतरी पहार घेऊन तिथं हजर होईल. पाणी यायच्या आत वर्तुळ खणून मोजून घ्या, असा हुकूम आला. हाताशी एकच हिवाळा होता.

आम्ही गेलो तिघं: आमचे साहेब, मी, आणि टेप धरायला रशीदभाई. रशीदभाई खात्यातले जुने खलाशी. कागदोपत्री त्यांचं काम टेप धरणं आणि तंबू ठोकणं, पण जमीन त्यांच्याइतकी कोणाला वाचता येत नव्हती. मजूर गावातलेच घेतले.

वर्तुळ देखणं होतं. कमरेएवढाले काळे दगड, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस पावलं, आणि आत मुरूम आणि दगडगोटे भरून केलेला हलका उंचवटा. ही लोखंड वापरू लागलेल्या काळातल्या लोकांची थडगी. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे वेरूळची लेणी कोणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हाची.

जमिनीचे मालक देशमुख रोज सकाळी लाकडी खुर्ची आणवून खड्ड्याच्या कडेला बसायचे. तोंडानं म्हणायचे, "आम्हाला काय करायचंय, तुमचं चालू द्या." पण पाटी वर आली की मान लांब व्हायची. आजोबांपासून त्यांच्या घरात बोलणं होतं की त्या वर्तुळात मोहरांचा हंडा आहे. पंधरा दिवसांनी खालून निघाली ती गंजलेली कुऱ्हाड, घोड्याच्या तोंडातली लोखंडी कडी, आतून काळी आणि बाहेरून लाल अशी फुटकी मडकी आणि हाडं. देशमुख उठून उभे राहिले. "एवढ्यासाठी तुम्हाला सरकार पगार देतंय?" दुसऱ्या दिवशी खुर्ची आली नाही, पण गड्याच्या हाती टोपलंभर हुरडा आला. आमची कीव आली असणार.

हाडं बघून मात्र साहेबांना झोप लागेना. ती तीन माणसांची होती आणि एकाचीही पुरती नव्हती. हे लोक दुसरीकडे कुठंतरी मेले होते. मग त्यांची हाडं गोळा करून इथं आणली होती. आसपास कुठं घराची जमीन नाही, चूल नाही, राख नाही. साहेब म्हणायचे, "हे गुरंमेंढरं घेऊन फिरणारे लोक असावेत. राहायला गवताची खोपटं, ती कधीच मातीत गेली. पण मेलेल्यांसाठी हे एवढे दगड लोटत आणले. का? दरवर्षी फिरून याच जागी येत असतील का? मला फक्त एवढं कळायला हवं, की वर्तुळ बांधून झाल्यावर ते परत येत होते की नाही." जेवताना, दाढी करताना, त्यांचा हाच प्रश्न.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती हे सगळं निघायच्या आधी, अगदी पहिल्या आठवड्यात झाली होती.

उंचवट्यावरचं गवत काढलं तेव्हा मोठ्या दगडांच्या आतल्या बाजूनं वीस-पंचवीस गोटे दिसले. वाटोळे, गुळगुळीत, तळहातात मावतील एवढे. वर्तुळाचा दगड डोंगरातला खडबडीत आणि हे गोटे नदीतले, हे पहिल्या वर्गातलं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे ते नंतरचे. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "तू ठरव. नकाशा तुझा आहे."

रशीदभाई टेप तसाच धरून खाली वाकले होते. म्हणाले, "गिरे हुए नईं दिखते जी. रखे हुए दिखते. देखो, सबके बीच में बित्ताभर जगह छोड़ेले."

खरं होतं ते. मलाही दिसत होतं. पण प्रत्येक गोटा तुटक रेघेत काढायचा म्हणजे दोन दिवस मोडणार, तिकडे बांध रोज चढत होता. आणि खरं कारण सांगायचं तर ते हे नव्हतंच. ते वर्तुळ फार सुंदर होतं आणि कागदावर ते तसंच स्वच्छ उतरावं असं मला वाटत होतं. पंचवीस तुटक टिकल्यांनी त्याची कळा जाणार होती. गुराख्यांच्या पोरांनी खेळताना मांडले असतील, असं मी ठरवून टाकलं. मजुरांना सांगितलं, "उचला आणि मातीच्या ढिगावर टाका." त्यांतले चार चपटे, छान गोटे मी स्वतः निवडून घेतले. तिथं वारा फार, ड्रॉईंगचा कागद उडतो, चार कोपऱ्यांवर वजनं लागतात. पितळी वजनं होती, पण गोट्यांना हात लावला की बरं वाटायचं.

नकाशा अप्रतिम झाला. साहेबांनी पाठ थोपटली.

महिन्याभरानं एका सकाळी कड्यावरून मेंढरं उतरली. धनगरांचं बिऱ्हाड होतं. घोड्यांवर सामान, कुत्री, कोंबड्या. दरसाल दिवाळीनंतर ते इथं येत आणि आठवडाभर थांबून पुढं गोदावरीकडे जात, असं देशमुखांच्या गड्यानं सांगितलं. त्या वर्षी त्यांना उशीर झाला होता. त्यांच्यातली एक बाई तडक आमच्या खड्ड्यापाशी आली. पंचेचाळीशीची, उंच, कपाळभर भंडारा. नाव धुरपदाबाई, ते नंतर कळलं.  खड्ड्याकडं बघत म्हणाली, "दादा, काय करायलाव तुमी इथं?"

मी नेहमीचं सांगितलं. जुन्या लोकांची जागा आहे, तलावात जाणार आहे, म्हणून कागदावर घेतोय.

"इथले गोटे कुठं गेले?"

"कोणते गोटे?"

"वाटोळे. आमचे. आमचा मल्हारी व्हता त्यात."

रशीदभाईंनी हातातला टेप खाली ठेवला.

तिनं सांगितलं ते असं. मल्हारी तिचा थोरला. मिसरूड फुटलेलं पोर. दोन वर्षांपूर्वी पैठणच्या पल्याड गोदावरीच्या काठाला मेंढरं बसवली होती, तिथं त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. "तिथंच मूठमाती दिली. मेंढरं थांबत्यात व्हय? तिसऱ्या दिशी पुढं निघालाव."

तो गोटा म्हणजे मल्हारीचा जीवखडा, अंत्यविधीच्या वेळी मडक्याला ज्या खड्यानं भोक पाडतात तो. दहा दिवस तोच गेलेला माणूस समजायचा आणि मग नदीत सोडायचा. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच करतात. मी तिला म्हणालो, "पण तो नदीत सोडायचा असतो ना?"

"आमच्या घराण्यात नाय सोडत. वाहत्या पाण्यात टाकला की त्यो हिंडतच ऱ्हातो. जलमभर मेंढरामागं हिंडलं माझं पोर. आता बसू द्या की त्याला एका जागी." तिनं वर्तुळाकडं हात केला. "समदे इथंच हायेत आमचे. माझी सासू, सासरा, त्यांच्या आधीचे. जिथं मेले तिथला गोटा आणायचा नि इथं मांडायचा. मल्हारीचा मागल्या दिवाळीला मांडला."

साहेब मागं येऊन उभे होते, हे मला तेव्हा कळलं. हे धनगर म्हणजे त्या थडगेवाल्यांचेच वंशज, असं मी म्हणत नाही. मधे अडीच-तीन हजार वर्षं गेली. पण साहेब महिनाभर जे जमिनीला विचारत होते ते उत्तर वरच मांडून ठेवलेलं होतं, आणि ते मी पाटीत भरून फेकलं होतं.

साहेबांनी हळूच विचारलं, "एकही घेतला नाहीस कागदावर?"

"नाही साहेब."

ते तंबूकडे निघून गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आम्ही ढीग उपसायला लागलो. मी, रशीदभाई आणि ती. अर्धा ढीग आधीच बांधावर भराव म्हणून गेला होता. आठ-दहा गोटे मिळाले. प्रत्येक तिनं ओंजळीत घेऊन फिरवून पाहिला. "ह्यो सासऱ्याचा असंल... ह्यो कुणाचा की." मल्हारीचा काळा होता, चपटा, आणि एका अंगानं, कमरेला दोरा बांधावा तशी, मधून पांढरी रेघ होती. तो मिळाला नाही. ऊन चढलं तशी ती उठली, मिळालेले गोटे पदरात घेतले आणि मला विचारलं, "तुमच्या कागदावर हाय का, कोण कुठं व्हता ते?"

मी नाही म्हणालो. माझ्या हातच्या नकाशांवर मोठमोठ्या विद्वानांनी भरवसा ठेवला आहे. ज्या एका बाईनं कधी कागद वाचला नाही, तिला हवं होतं तेवढंच नेमकं त्याच्यावर नव्हतं.

"बघा दादा. गावला तर ठिवून द्या. आमी येतावच दरसाल."

"शोधून देतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागद गुंडाळायला म्हणून बोर्डावरची वजनं उचलली. डाव्या कोपऱ्यातला गोटा हातात उलटा झाला. खालच्या अंगाला पांढरी रेघ होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. महिनाभर ती कागदाकडं तोंड करून पडली होती. चार गोटे मी माझ्या हातानं निवडले होते, पण इतके सवयीचे झाले होते की ढीग उपसताना ते आठवलेच नाहीत. आदल्या दिवशी ती बाई माती उपसत होती तेव्हा मल्हारी तिच्यापासून दहा पावलांवर, तंबूत, माझ्या सुंदर वर्तुळावर वजन देऊन बसला होता.

तसाच पळत सुटलो. माळावर तीन दगडांची चूल होती, लेंड्या होत्या, माणसं नव्हती. उशीर झालेला म्हणून यंदा एकच मुक्काम करून पहाटेच निघाले, असं देशमुखांच्या गड्यानं सांगितलं. त्या वाटेनं कोसभर गेलो आणि परत आलो.

रशीदभाई म्हणाले, "रख दो जी वहीच. गोल में किधर भी रख दो. माँ समझ जाएगी." ठेवायला पाहिजे होता. पण जी वस्तू जिथली तिथंच ठेवायची हे आमच्या धंद्याचं कलम, आणि ती जागा मी पुसून टाकली होती. शिवाय सहा महिन्यांत तिथं पाणी येणार. बाकीचे तीन रशीदभाईंनी वर्तुळात ठेवले; मल्हारीचा मात्र आईच्या हातातच द्यायचा, असं मी ठरवलं. पुढच्या दिवाळीला.

पुढच्या दिवाळीला तलाव तुडुंब भरला होता आणि मी दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या खड्ड्यात होतो. साहेबांनी अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य होतं, की वर्तुळ बांधून झाल्यावर तिथं कोणी पुन्हा येत असल्याचा पुरावा मिळाला नाही. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बाईचं बोलणं ऐकीव आहे रे. गोटे नकाशात असते, तर लिहिलं असतं." त्यांचं चूक नव्हतं.

गोटा माझ्याकडे राहिला. वजन म्हणून मी तो पुन्हा कधी वापरला नाही. फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला, आणि जिथं बदली झाली तिथं पेटीबरोबर गेला. नांदेड, बीड, पैठण, परत औरंगाबाद. पैठणला एकदा जायकवाडीच्या पाण्याकडं बघताना लक्षात आलं की मल्हारीची मूठमातीची जागाही आता याच पाण्याखाली असणार. पोर एका जागी बसावं एवढंच त्या बाईचं मागणं होतं, आणि मी त्याला मराठवाडाभर हिंडवत होतो. दौलताबादच्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली की बायको म्हणायची, "आता उतरू नका." मी उतरायचोच. विचारायचो, "धुरपदाबाई माहीत आहे का?" ते हसायचे. "कोनती धुरपदा सायब? दर बिऱ्हाडात एक हाय."

त्या तलावावर मात्र मी एकदाही गेलो नाही. ती जागा आमच्या कागदावर संपली होती. बुडाली, असा शेरा मारून फाईल बंद झाली होती, आणि जे पाण्याखाली गेलं तिथं कोण कशाला येईल, असं मी धरून चाललो. पुन्हा तेच. दिसलं नव्हतं, नुसतं समजलं होतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी असा एक पावसाळा आला की पाऊसच नाही. एका लग्नात देशमुखांचा मुलगा भेटला. इथं शहरात नोकरी करतो. म्हणाला, "काका, तुमचे दगड वर आलेत. तलावात टिपूस नाही." दिवाळीनंतरचा आठवडा होता. दुसऱ्याच दिवशी पिशवीत फडकं, टेप आणि एक पॅड घेऊन एसटीनं गेलो.

भेगाळलेल्या गाळातून वर्तुळाचे निम्मे दगड डोकं काढून उभे होते. पलीकडे मेंढरं होती. एक बाई माझ्याकडे बघत बघत आली. मी ओळख सांगायला लागलो, तर तीच म्हणाली, "नकाशावाले का तुमी?"

ती धुरपदाबाईच्या धाकट्या मुलाची बायको. सोजरबाई. सासू जाऊन तीन वर्षं झाली होती.

"दरसाल येत व्हतो की," ती म्हणाली. "पानी असू द्या, नसू द्या. म्हातारी काठाला बसायची. गावात विचारायची, नकाशावाला आलता का? लोक हसायचे. शेवटी शेवटी आमी बी हसायचो."

 सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ती बाई ठरल्या वेळी, ठरल्या जागी येऊन बसत होती. अर्ध्या दिवसाची एसटी होती ती. मी वाटेत मेंढरं दिसली की गाडीतून उतरून अनोळखी माणसांना तिचं नाव विचारत राहिलो, कारण ती जागा सोडून कुठंही असू शकते असं मला वाटत होतं. परत न येणारा माणूस त्या सगळ्या हकिगतीत एकच होता.

सोजरबाईनं मला एका दगडापाशी नेलं. त्याच्या आतल्या अंगाला, गाळ खरवडून, तिनं परवाच एक तांबूस गोटा मांडला होता. "ही म्हातारी. पानी हटंना, म्हणून तीन साल गाठोड्यात घेऊन हिंडलाव." गोट्याच्या डावीकडं वीतभर जागा हातानं साफ करून मोकळी सोडलेली होती. "ही बी तिनंच सांगितलेली. म्हणली, इथं माझ्या पोराला ठिवा. नकाशावाला आणंल."

मी फडकं सोडलं. तिनं गोटा घेतला, पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "लई उशीर केलाव, सायब." रागानं नाही म्हणाली. मग खाली वाकून तो वीतभर अंतर न ठेवता म्हातारीच्या अंगाला लावून ठेवला. कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून दोघांवर टाकला.

"पानी परत येईल," मी म्हणालो. 

"येऊ द्या. बसलेत आता." मग माझ्या हातातल्या पॅडकडं बघून म्हणाली, "तेवढं लिवून घ्या. पुना इचारलं तर सांगता आलं पायजे."

मी टेप काढला. रशीदभाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. टेपचं टोक सोजरबाईनं धरलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी दोन्ही गोट्यांची मापं घेतली आणि ते जिथं होते तिथं काढले. शेजारी नावं लिहिली: धुरपदा, मल्हारी. नियमानं ते नंतरचे, तुटक रेघेतले. मी दोघांना पूर्ण रेघेत काढलं.